पंपाचं घड्याळ

त्या हंगामात मिठाचे ढीग महिनाभर आधीच उचलले गेले आणि मावशीचा आडोसा गेला.

आडोसा म्हणजे काय, ते मिठागरावर न राबलेल्या माणसाला चटकन कळायचं नाही. तिथे नजर जाईल तिथवर सगळं सपाट. खाऱ्या पाण्याचे चौकोनी वाफे, मधून गुडघाभर उंचीचे मातीचे बांध, आणि वर डोळे दिपवणारा पांढरा उजेड. झाड नाही, झुडूप नाही, भिंत तर नाहीच. पुरुषमाणूस दुसरीकडे तोंड करून उभा राहिला की त्याचं भागतं. बाईला मिठाचा ढीग लागतो. ढीग डोक्याच्या वर गेले की आगरावरच्या बाया पोटभर पाणी पितात, एकमेकींची टिंगल करतात. ढीग नसले की ओठ ओले करून दिवस काढतात आणि अंधार पडायची वाट बघतात.

यंदा वरून मागणी आली म्हणे. रोज ट्रक यायला लागले. मावशीच्या बाजूचे सहाच्या सहा ढीग आठ दिवसांत गेले. त्यातच तिच्या ओळीतल्या दोघी काम सोडून गेल्या. एक सुनेच्या बाळंतपणाला, दुसरी गुडघ्यांना कंटाळून. तिघी होत्या तोवर ढिगावाचून फारसं अडत नव्हतं. दोघींनी पाठ करून उभं राहायचं, तिसरीनं मध्ये बसायचं. एकटीनं कुणाची भिंत करायची?

नवरा होता तेव्हा तोच तिची भिंत होता. अंगातला सदरा काढून दोन्ही हातांत पसरायचा, तिच्याकडे पाठ करून उभा राहायचा आणि शीळ घालायचा. शीळ इतकी भिकार, की लांबच्या वाफ्यातले लोकसुद्धा हसायचे. कुणी इकडे येताना दिसलं की शीळ बंद. ती खूण. बावीस वर्षांत एकदाही चुकली नाही. आता त्याला जाऊन दोन हंगाम झाले होते. आगराच्या टोकाचे चार वाफे अजून तिच्याकडेच होते, कारण इतक्या लांबचे वाफे दुसऱ्या कुणाला नको होते. आगरावर सगळेच तिला मावशी म्हणायचे. ट्रकवर मीठ भरणारे, मुकादम, तिच्याहून मोठ्या बायासुद्धा. भाची-भाचे एवढे, पण दिवसभरात तिच्याशी चार वाक्यं बोलेल असं कुणी नाही.

म्हणजे, एक पंप होता.

खाडीचं पाणी वाफ्यात चढवणारा जुना पंप तिच्या झोपडीपासून हाकेच्या अंतरावर होता. पट्ट्यानं इंजिनाला जोडलेला. त्याचा लोखंडी दांडा पहाटेपासून वरखाली व्हायचा. धप्प, धप्प, धप्प. नवरा गेल्यावर पहिले काही दिवस तिला त्या आवाजाचा राग आला. माणूस थांबला आणि हे मेलं चालूच. पुढे तोच सोबतीला झाला.

पंप चालवणाऱ्याला सगळे बोलका म्हणायचे, कारण तो बोलायचाच नाही. पन्नाशीचा, ग्रीसनं कायम काळे झालेले हात, बायको कधीची माहेरी निघून गेलेली. मावशी सकाळी समोरून गेली की तो मान हलवायचा. संध्याकाळी परतली की पुन्हा एकदा. दोन मानांच्या मध्ये दिवस संपायचा.

पंपाचं घड्याळ कसं झालं, त्याची गोष्ट नवऱ्याच्या शेवटच्या हंगामातली.

पाच-सहा दिवस त्याला बरं नव्हतं. पोटऱ्यांत गोळे येत होते, अन्न बघितलं की मळमळत होतं. पण कामाला जातच होता. झोपताना मावशीनं त्याच्या छातीवर डोकं ठेवलं तर आत नुसती पळापळ.

"एवढी कसली घाई झालीय हो याला?" तिनं विचारलं होतं.

"तू जवळ आलीस ना," तो म्हणाला होता, आणि दोघं हसली होती. ते हसणं तिला पुढे फार छळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी फेरीवरची नर्सबाई आली. तिनं त्याचं मनगट धरलं, घड्याळाकडे बघितलं आणि तिचा चेहराच बदलला. "एकशे अठरा. झोपलेल्या माणसाची? लघवी कधी झाली होती?"

"सकाळीच," तो म्हणाला. परक्या बाईसमोर खरं काय सांगायचं? खरं म्हणजे आदल्या दुपारपासून झाली नव्हती.

मोठ्या दवाखान्यात अकरा दिवस काढले. मूत्रपिंडं गेली ती गेलीच. बाराव्या दिवशी मावशी त्याचा सदरा घेऊन एकटी परतली.

नंतर नर्सबाई मुद्दाम झोपडीवर आली. म्हणाली, "मावशी, अंगातलं पाणी कमी झालं की रक्तही कमी पडतं. मग हृदय आहे तेवढंच घाईघाईनं फिरवत बसतं. लघवी बंद व्हायच्या आधी ते सांगत असतं. आपण ऐकत नाही एवढंच. रोज सकाळी उठायच्या आधी नाडी मोजायची. शंभरच्या वर गेली तर कामाला जायचं नाही. पाणी प्यायचं आणि सरळ माझ्याकडे यायचं."

"कशानं मोजू?" मावशीनं नवऱ्याचं घड्याळ दाखवलं. मिठानं आतून खाल्लेलं. मोबाइल होता तो बटणांचा, त्यावर मिनिटं दिसायची, सेकंद नाही.

नर्सबाईनं तिचीच नाडी मोजली. बहात्तर. बाहेर पंप धपधपत होता. तिच्या काय मनात आलं, तिनं घड्याळ लावून पंपही मोजला. चौऱ्याहत्तर. "घ्या," ती हसली, "हे तुमचं घड्याळ. नाडी याच्याबरोबर चालली की बरं आहे. याच्या पुढे पळायला लागली की समजायचं."

तेव्हापासून मावशीची सकाळ तशी सुरू व्हायची. उजाडायच्या सुमारास डोळे उघडायचे, उठायचं नाही. मनगटावर दोन बोटं आणि कान पंपाकडे. धप्प आणि ठक, धप्प आणि ठक. दोन बैल एका जुवाखाली चालावेत तसे. ते जुळले की तिला बरं वाटायचं. कुणीतरी चौकशी केल्यासारखं वाटायचं.

ढीग गेले त्याच सुमाराला ऊन चढलं. लाकडी फळीच्या लांब दांड्यानं वाफ्यातलं मीठ काठाला ओढायचं, हे तिचं काम. वाकायचं, ओढायचं, दोन पावलं मागे, पुन्हा वाकायचं. पायाखाली खारवणी, वरून ऊन, खालून पांढऱ्याचा भाजका उजेड. घाम येतो तो दिसतसुद्धा नाही. कपड्यावर मिठाची रेघ तेवढी उमटते.

पहिले दोन दिवस तिनं नेहमीसारखं पाणी प्यायलं. दुपारी कळ निघाली तेव्हा झोपडी गाठली. जायला वीस मिनिटं, यायला वीस. दुसऱ्या दिवशी परतली तेव्हा ट्रक उभा होता, भरणारे सहा-सात जण त्याच्या सावलीला बसले होते आणि मुकादम वहीनं वारा घेत होता.

"या मावशी," तो म्हणाला. "कसं वाटलं फिरून? हवा चांगली होती ना तिकडची?"

"कामाला गेले होते," मावशी म्हणाली.

"कसलं काम? आम्हालाही सांगा की. एवढं तासाभराचं कसलं काम असतं बाईमाणसाचं?"

भरणाऱ्यांपैकी दोघं हसले. बाकीच्यांनी तंबाखू मळण्यात लक्ष घातलं. मावशीनं दांडा उचलला. ऊन होतंच, पण कान त्याच्यानं तापले नव्हते.

तिसऱ्या दिवशी तिनं पाण्याचा मोठा कॅन घरीच ठेवला आणि लहान बाटली नेली. सकाळी अर्धी, दुपारी जेवणावर दोन घोट, बाकी परतताना. जमलं की, तिला वाटलं. दिवसभर एकदाही जावं लागलं नाही. मोठी लढाई जिंकल्यासारखी ती संध्याकाळी चालत आली आणि बोलक्यानं मान हलवली तेव्हा तिनंही जरा जास्तच हलवली.

मग पंप बिघडला. तीन दिवस बंद. बोलका त्याचे भाग अंथरलेल्या गोणपाटावर मांडून बसला होता, एखाद्यानं संसार मांडावा तसा. त्या तीन सकाळी मावशीला भलतंच चुकल्यासारखं झालं. मनगटावर बोटं ठेवली की नाडी टकटकटक करत पळतेय असं वाटायचं. पण कशापेक्षा पळतेय? समोर तुलनेला कुणी नाही. तिनं आकडे म्हणून बघितले, तर आकडेच नाडीच्या मागे धावायला लागले. उठली तर डोळ्यांपुढे काळं आलं, खांबाला धरून उभी राहिली. आज पंप सुरू झाला की खरं काय ते कळेल, तिनं ठरवलं. पुढे पळत असली तर नर्सबाईकडे जायचं. मुकादम काय बोलायचं ते बोलो.

चौथ्या सकाळी पंप सुरू झाला. ती अंथरुणात तशीच पडून राहिली, बोटं मनगटावर, श्वास रोखून. धप्प ठक, धप्प ठक, धप्प ठक. बरोबर. अगदी हातात हात घालून. आवाज जरा वेगळा वाटला, पण तीन दिवस कान रिकामे होते त्यामुळे असेल. मावशीनं डोळे मिटले. "उगाच घाबरले बाई," ती पंपाला म्हणाली.

त्यानंतरचे बारा दिवस ती त्याच भरवशावर राबली.

पोटऱ्यांत गोळे यायला लागले तेव्हा तिनं ते उन्हाच्या नावावर टाकले. डोकं ठणकायला लागलं तेव्हा मुकादमाकडून अंगदुखीची गोळी घेतली. गोळ्या देण्यात तो उदार होता, त्याच्या खिशात पाकीटच असायचं. एक सकाळी, एक दुपारी. संध्याकाळी झोपडीमागे बसली की फार वेळ लागायचा आणि यायची ती चमचाभर, काळ्या चहाच्या रंगाची. दिवसभर प्यायलंच नाही तर येणार कुठून, असा तिनं हिशोब घातला. तो चुकीचा नव्हता, अर्धाच होता.

लेकीचा दर आठवड्याला फोन यायचा. ती शहरात शिवणाच्या कारखान्यात होती.

"आई, पाणी पितेस ना?"

"पिते की. नुसती पाण्यातच तर असते दिवसभर."

"थट्टा नको. जेवतेस?"

"जेवते." ताटातला भात तसाच होता. दोन दिवस वासानंच मळमळत होतं.

"नाडी?"

"पंपाबरोबर. आज सकाळीच बघितली."

"मग ठीक," लेक म्हणाली. बाप गेल्यापासून तिचाही पंपावर विश्वास बसलेला. "आवाज का असा येतोय तुझा? तोंडात काय आहे?"

तोंडात काही नव्हतं. जीभ टाळूला चिकटत होती. "सुपारी," मावशी म्हणाली. आयुष्यात तिनं सुपारी खाल्ली नव्हती, आणि लेकीला ते माहीत होतं. पण कारखान्याची घंटा झाली आणि फोन ठेवावा लागला.

दुसऱ्या दिवशी मुकादमानं मावशीला तिचे वाफे सोडून पंपाजवळच्या वाफ्यात लावलं होतं. दुपार डोक्यावर आली तेव्हा ती तिथेच होती. वाकायचं, ओढायचं, दोन पावलं मागे. सकाळपासून ती पंपाच्या ठोक्यावर दांडा ओढत होती. दोन ठोक्यांना एक ओढ. हात जड झाले होते, पण आवाज पुढे चालला होता म्हणून तीही चालली होती. कानात धप्प धप्प, छातीत धप्प धप्प, कुठला कुणाचा ते वेगळं काढायला जागाच नव्हती.

अचानक फट्ट असा आवाज झाला. पंपाचा पट्टा तुटला. इंजिन क्षणभर एकटंच ओरडलं आणि बोलक्यानं ते बंद केलं.

आगरावर शांतता पसरली. वारा नव्हता, पाखरू नव्हतं.

आणि मावशीच्या कानात पंप चालूच होता.

ती दांड्याला धरून उभी राहिली. लांबून तिला दिसत होतं, पंपाचा दांडा थांबलाय. लोखंड जागच्या जागी उभं आहे. तरी धप्प धप्प धप्प धप्प, तोच वेग, तीच घाई. तिनं मनगटाला बोटं लावली. मग गळ्याला. मग छातीवर सबंध तळवा ठेवला, नवऱ्याच्या छातीवर डोकं ठेवलं होतं तसा. सगळीकडे तेच. इतके दिवस ती पंप समजून जे ऐकत होती त्यातलं निम्मं तिचं स्वतःचं होतं.

"भाऊ," तिनं हाक मारली. आवाज फुटला नाही. ती वाफ्यातल्या पाण्यात बसली. पडली असं म्हणता येणार नाही, नीट गुडघे मोडून बसली.

बोलका तुटलेला पट्टा हातात घेऊन धावत आला. "मावशी?"

"तुमचं घड्याळ चालतं का?"

त्यानं मनगट पुढे केलं. काच ग्रीसनं माखलेली, पण सेकंदाचा काटा फिरत होता.

"मी नाडी धरते. तुम्ही मिनिट बघा. मधे बोलू नका."

मधे न बोलणं त्याला जमण्यासारखं होतं. ती मोठ्यानं मोजत गेली. शंभर आले तेव्हा तिनं त्याच्याकडे बघितलं. त्यानं मान हलवली, अजून आहे. तो बस म्हणाला तेव्हा एकशे अठ्ठावीस झाले होते.

"पण सकाळी पंपाबरोबर होती," मावशी म्हणाली. ती भांडत असल्यासारखी म्हणाली. "रोज बघते मी. पंपाच्या पुढे कधी गेली नाही."

बोलका तिच्याकडे बघत राहिला. मग पंपाकडे. मग हातातल्या पट्ट्याकडे.

"पंपाची चाल वाढवलीय," तो म्हणाला. "दुरुस्तीच्या वेळी. मुकादम म्हणाला पाणी कमी पडतंय. मोठं चाक काढून लहान बसवलं." एवढं सलग तो बहुतेक वर्षभरात बोलला नव्हता. "मला काय माहीत तुम्ही त्याच्यावर..."

"तुम्हाला कसं माहीत असणार," मावशी म्हणाली. "मी कुणाला सांगितलंच नाही. मुलगी सोडून."

"लघवी?" त्यानं विचारलं, पट्ट्याकडे बघत.

परका पुरुष. तिला नवऱ्याचा चेहरा आठवला, नर्सबाईसमोर 'सकाळीच' म्हणतानाचा. तिनं मान वर केली. "काल संध्याकाळपासून नाही. त्याआधी चमचाभर. काळी."

बोलका उठला. मीठ भरलेला ट्रक निघायच्या बेतात होता. तो आडवा जाऊन रस्त्यात उभा राहिला. मुकादम काहीतरी ओरडला, ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला. बोलक्यानं पट्टा खांद्यावर टाकला आणि हलला नाही. शेवटी दार उघडलं.

दवाखान्यात सलाइनची एक बाटली गेली, दुसरी गेली. रक्त काढून नेलं. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडांना मार बसलाय, पण पाठीला माती लागलेली नाही. अंगदुखीच्या गोळ्या मूत्रपिंडांना वाईट, त्यांनी आणखी खड्ड्यात घातलं असतं, तीन-चार दिवस उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. दुसऱ्या सकाळी मावशीला भांडंभर लघवी झाली. फिकट, पिवळी. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला ती मिळवलेल्या बक्षिसासारखी भांडं दाखवणार होती, मग आवरलं.

नर्सबाई आली. पंपाची हकीकत ऐकून ती खाटेच्या कडेवर बसली.

"मीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "घड्याळ म्हणून."

"तुम्ही चांगलंच सांगितलं होतं. घड्याळ कुणी पुढे केलं तर तुम्ही काय करणार?" मावशी म्हणाली. "आणि खरं सांगू? मला कळत होतं. उठलं की अंधारी येत होती, पोटऱ्या ओरडत होत्या. पण पंप म्हणाला ठीक आहे, तर मला बरं वाटलं. दुसरं कोण म्हणणार होतं?"

लेक दोन दिवस रजा काढून आली. येताना सेकंदकाट्याचं गोल घड्याळ घेऊन आली. "सुपारी," ती आल्या आल्या म्हणाली आणि रडली. जाताना म्हणाली, "आई, चल माझ्याकडे." मावशी म्हणाली, "तुमच्या खोलीत सहाजणी झोपता. मी कुठे, शिवणयंत्रावर?" दोघींनाही ते खरं असल्याचं माहीत होतं.

तीन आठवड्यांनी मावशी आगरावर परतली. वाफ्यात उतरायचं नाही, उन्हात फार राहायचं नाही असं बजावून सांगितलं होतं. तिनं मुकादमाला गोण्यांची तोंडं शिवायचं काम मागितलं. तो तयार झाला. थोडा नरमला होता, थोडा घाबरलाही होता.

पहिल्या सकाळी तिनं चार फाटक्या गोण्या उसवल्या, एकाला एक जोडून लांब कापड केलं. खांब कुठून आणावे या विचारात होती, तर बोलका जुने लोखंडी पाइप खांद्यावर घेऊन आला. बांधाच्या कडेला चार खड्डे घेतले, पाइप ठोकले आणि मान हलवून निघून गेला. मावशीनं चारी बाजूंनी गोणपाट ताणून बांधलं.

सपाट, पांढऱ्या, कोसभर उघड्या आगराच्या मधोमध ते उभं राहिलं. कशासाठी आहे हे न सांगताही कळत होतं. ट्रकवाल्यांनी वळून वळून बघितलं.

"मावशी, बंगला बांधलात की," मुकादम म्हणाला.

"हो," मावशी म्हणाली. "तासाभराचं काम आता दोन मिनिटांत होईल. लिहा वहीत." आणि त्याच्या देखत तिनं लोटाभर पाणी घटाघटा प्यायलं, हनुवटीवरून ओघळू दिलं, दुसरा लोटा भरला आणि तोही संपवला. या खेपेला भरणाऱ्यांपैकी कुणी हसलं असेल तर ते मुकादमाकडे बघून.

दुपारी ती गोणपाटाच्या आत गेली. वर चौकोनी आभाळ, चारी बाजूंना मिठाचा वास. बाहेर पाठ करून कुणी उभं नव्हतं. शीळही नव्हती. सवयीनं ती शिळेसाठी थांबली, आणि मग थांबायचं कारण नाही हे आठवून तिला हसू आलं, जरा ओलसर.

उठायच्या आधी तिनं मनगटावर दोन बोटं ठेवली. घड्याळ झोपडीत होतं, पण आता अंदाज बसला होता. बाहेर पंपाचे तीन ठोके पडत तोवर तिचे दोन होत होते. ठक, ठक, सावकाश, संध्याकाळी घरी परतणाऱ्या माणसासारखी तिची नाडी मागे मागे राहत गेली.

पंप आपला एकटाच घाईत होता.